शालीखालचं झाड

"सात वर्षांची झाडं? हॅस्किनबाई, माझ्या खांद्यालाही लागत नाहीत ही!"

असाहेल डनिंगनं बागेच्या कडेला उभं राहून सफरचंदाची झाडं पुन्हा एकदा मोजली. एकवीस. सगळी खुरटलेली. रस्त्यासाठी ठोकलेल्या खुंट्यांची ओळ गिरणीपासून सरळ येऊन बरोबर त्यांच्या मधोमध घुसत होती.

"तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये बर्फ पडला, तो विसरलात वाटतं?" केझाया हॅस्किन म्हणाली. "माणसं खुरटली त्या साली, झाडांचं काय घेऊन बसलात, डनिंगभाऊ!"

असाहेल काही विसरला नव्हता. गावसभेनं त्याला रस्त्यांचा कमिशनर निवडलं, ते दुसरं कुणी हात वर करीना म्हणून. राज्याचा कायदा त्यानं पाठ केला होता. चार वर्षांहून जुन्या फळबागेतून मालकाच्या संमतीवाचून रस्ता न्यायचा नाही, घरातून तर नाहीच. आणि गेल्या साली एका बेरक्यानं डुकरांच्या खुराड्याला धुराडं बसवून ते घर म्हणून त्याच्या गळ्यात मारलं होतं! त्या खुराड्याला वळसा घालून गेलेल्या रस्त्यावर अजून लोक गाडी थांबवून पोट धरून हसत. तेव्हापासून असाहेल स्वतःच्या बायकोच्या शब्दावरही दोनदा विचार करी.

"असाहेल, आता तरी डोळे उघड," गिरणीवाला ओरिन वॉल्ब्रिज कुंपणावर रेलून म्हणाला. रस्ता सरळ गेला तर त्याच्या गाड्यांचा मैलभर फेरा वाचणार होता. "रस्त्याची बोलणी दोन वर्षांपूर्वी निघाली. बाईनं तेव्हाच रोपं खोचली असणार. दुसरं काय!"

"नवऱ्यानं बिया पेरल्या त्या," केझाया म्हणाली. "अठराशे बाराच्या साली, लढाईला जायच्या आधी. तो परत आला असता तर त्यालाच विचारलं असतंत."

असाहेलला तेही खरं वाटेना. मेलेल्या माणसाची साक्ष कुणीही काढावी. तो हट्टानं म्हणाला, "एक झाड कापायचं. बुंध्यातली वर्तुळं मोजायची. चाराहून जास्त भरली तर रस्ता वळवतो. नाही भरली तर सरळ."

केझायाला ठाऊक होतं, नाही म्हटलं तर सगळीच जातील.

"कापा. कुंपणाजवळचं तेवढं सोडून कुठलंही."

झालं! असाहेलचे कान टवकारले. कुंपणाजवळच्या झाडाच्या शेंड्याला जुनी लोकरी शाल घट्ट बांधलेली होती.

"त्यालाच शाल कशाला?"

"रात्री अजून दहिवर गोठतं."

"आणि बाकीच्यांना गोठत नाही?"

"शाल एकच आहे माझ्याकडं."

ओरिन फिसकन हसला. असाहेलला ते हसू झोंबलं. खुराड्याचं धुराडं त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. बाई जे लपवतेय तिथंच पाणी मुरतंय, यात त्याला शंका उरली नाही.

"हेच कापायचं," तो म्हणाला.

"डनिंगभाऊ, दुसरं घ्या. हवं तर दोन घ्या."

"हेच."

त्यानं करवत काढली. केझायानं पुढं होऊन ती त्याच्या हातातून घेतली. "माझं झाड आहे. मीच कापीन."

ती गुडघ्यांवर बसली. लाकूड ओलं होतं, करवत अडकत होती. असाहेल मदतीला वाकला, तर तिनं कोपरानं त्याला दूर सारलं. झाड कलंडलं तशी शाल कुंपणाच्या काटकीला अडकून निघाली.

असाहेल बुंध्याशी बसून बोटानं मोजू लागला. सालीकडून एक, दोन. तिसरं वर्तुळ केसाएवढं बारीक, त्या बर्फाच्या सालाचं. मग चार, पाच, सहा, सात.

त्यानं पुन्हा मोजलं. सातच.

"च्यायला," ओरिन पुटपुटला आणि गिरणीच्या वाटेला लागला.

तेव्हा कुठं असाहेलनं आडव्या पडलेल्या फांद्यांकडं पाहिलं. त्यांच्यावर गुलाबी कळ्या होत्या, मुठीमुठीनं. उरलेल्या वीस झाडांवर एकही नव्हती. बीपासून वाढवलेलं झाड दोन वर्षांत कळी धरत नाही, हे त्याला शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवायला नको होतं. नुसती शाल उचलली असती तरी पुरलं असतं.

"पहिल्यांदाच धरल्या होत्या?"

"हो."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"बियांचं सांगितलं, ते पटलं होतं तुम्हाला?"

त्याला लाज वाटली, फार लाज वाटली. तो उठला आणि बागेतल्या खुंट्या एकेक करून उपटू लागला. केझायानं कळ्यांच्या फांद्या मोडून बादलीभर पाण्यात उभ्या केल्या. मग बुंध्याची एक चकती कापली, एप्रनला पुसली आणि कुंपणाशी येऊन त्याच्यापुढं धरली.

"ही ठेवा तुमच्याकडं. पुन्हा कुणाला संशय आला, तर दाखवायला होईल. दर वेळी झाड नको कापायला."

असाहेलनं टोपी काढली आणि चकती घेतली. ती कोटाच्या आतल्या खिशात घालून तो खुंट्यांची मोळी खांद्यावर टाकून घराकडं चालू लागला. अर्ध्या वाटेवर लाकडाचा ओलावा सदऱ्यातून छातीला लागला. त्यानं ती खिसा बदलून ठेवली नाही.