निसरडा जिना

बाईच्या कपाळाला पट्टी बांधताना नर्सच्या मनात पाल चुकचुकली. ‘‘जिन्यावरून पडली,’’ असं नवराच सांगत होता. बाई नुसती त्याच्या चपलांकडे बघत होती.

ती दोघं गेल्यावर नर्सने घरोघर लस द्यायला फिरणाऱ्या ताईला गाठलं. ‘‘काय गं, यांचा जिना इतका कसला निसरडा?’’

‘‘जिना? अहो, बैठं घर आहे ते!’’

नर्सने तणतणत बाईचे जुने दोन केसपेपर उपसले. कुठल्या गाढवाने हे डोळे झाकून लिहून घेतलं, ते तिला बघायचंच होतं. दोन्ही कागदांवर ‘जिन्यावरून पडली’ होतं, आणि अक्षर तिचंच होतं.

तिने पोलीस चौकीला फोन लावला. ‘‘साक्षीला माझं नाव घाला. खोटं मीच लिहिलंय, दोनदा.’’