मागच्या खोलीतला प्रोजेक्टर

मागच्या खोलीच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलच्या सात फुल्या आहेत. सगळ्यांत खालची जमिनीपासून एकशे ब्याण्णव सेंटिमीटरवर, सगळ्यांत वरची दोनशे एकतीसवर. प्रत्येकीशेजारी नवऱ्याच्या बारीक अक्षरात तारीख आहे. पहिली इतकी पुसट झाली आहे, की बाजूने पाहिलं तरच दिसते. एकेक फुली म्हणजे एकेक प्रोजेक्टर, जो इथे बसणार होता आणि बसला नाही.

दोन वर्षं आमच्या घरात प्रोजेक्टर निवडणं चालू होतं. नवरा विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. कशावरही पटकन विश्वास ठेवायचा नाही, ही त्याची नोकरीच आहे. एका यंत्राचा पंखा आवाज करायचा, दुसऱ्याचा काळा रंग करडा दिसायचा, तिसऱ्याबद्दल कोणीतरी कुठेतरी वाईट लिहिलेलं असायचं. मी सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात भिंगं तपासते, म्हणून आकडेमोड माझ्याकडे. "तू विज्ञानवाली, तू सांग," तो म्हणायचा.

सांगण्यासारखं होतं. खोलीची लांबी तीन मीटर चाळीस. नवऱ्याला पडदा एकशेवीस इंचीच हवा. त्याला आवडणाऱ्या यंत्रांना एवढं मोठं चित्र पाडायला भिंगापासून पडद्यापर्यंत तीन मीटर वीस तरी लागतात, आणि भिंगाच्या मागे यंत्राचं धड आणि वायरी, त्यांना आणखी चाळीस. तो भिंत ते भिंत अंतर मोजून खूश होता. यंत्राला पाठ असते, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या लक्षात मात्र पहिल्याच आठवड्यात आलं होतं. पडदा लहान घे, किंवा जवळून चित्र पाडणारं यंत्र घे, एवढं म्हटलं असतं तर दुसऱ्या रविवारी विषय मिटला असता.

मी म्हटलं नाही, कारण त्याच आठवड्यात ताईने विचारलं होतं.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. ताईने कॉलेज सोडलं आणि शाळांचे गणवेश शिवायला घेतले. तिच्या मशीनच्या टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर मी पदार्थविज्ञान शिकले. माझ्या प्रबंधाची पानं बांधणाऱ्याने उलटीसुलटी लावली, तेव्हा तिनेच ती उसवून जाड सुईने पुन्हा शिवून दिली. लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायची, "मला एक मुलगी आहे, पुरे झाली."

ती लाँड्रीच्या दुकानावरच्या एका खोलीत भाड्याने राहते. "मालकाला खोली हवीय म्हणे," ती त्या दिवशी म्हणाली होती. "आज ना उद्या सोडावी लागेल. तुमची ती मागची खोली रिकामीच असते ना?"

"तिचं काम काढलंय," मी म्हणाले.

खोटं नव्हतं. पण नवऱ्याला ताईबद्दल विचारलं असतं तर त्याचं उत्तर ऐकावं लागलं असतं. तो नाही म्हणाला असता तर मला काहीतरी करावं लागलं असतं. ते टाळायचं, तर खोलीचं काम संपता कामा नये. तो एखाद्या यंत्रापाशी आला, की मी नवा आकडा काढायची. पंख्याचे डेसिबल, कडांची धूसरता. तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसायचा.

ताईने खोलीचं नाव पुन्हा काढलं नाही. दर रविवारी फोनवर एवढंच विचारायची, "काय, ठरला का तुमचा प्रोजेक्टर?"

"अजून नाही."

"असू दे. बघा नीट, घाई करू नका."

या महिन्यात मालकाने तिला महिनाअखेरची तारीख दिली. त्याच आठवड्यात नवऱ्याने खिडकीसाठी जाड काळं कापड आणलं. "ताईंना सांग ना, शिवून देतील. बाहेर दिलं तर वाट लावतात."

शनिवारी दुपारी ताई आली. गळ्यात टेप, हातात पिशवी. सरळ मागच्या खोलीत गेली आणि खिडकीशी उभी राहिली.

"उजेड छान येतो गं इथे," ती म्हणाली. "सुईत दोरा ओवायला दिवा नको."

"तोच तर ताप आहे ताई!" नवरा हसला. "तो एकदा घालवला की जिंकलो."

"घालवू या, जावईबापू." तिने खिडकीला टेप लावला. "पण मापं आजच घेते आणि सोमवारच्या आत शिवून टाकते. मशीन देऊन टाकतेय."

"मशीन? का?" मी विचारलं.

"वृद्धाश्रमात जागा मिळालीय. चौघींची खोली आहे, मशीन कुठे ठेवू? सोमवारी जाऊन सही करायची."

"अरे वा! म्हणजे सोय झाली तर," नवरा म्हणाला. त्याने हे मनापासून म्हटलं. तो वाईट माणूस नाही. त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

ताईने टेपवरचा आकडा दोनदा वाचला. माझ्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात प्रोजेक्टरच्या दुकानातला माणूस दोन यंत्रांची खोकी घेऊन आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. तो तिसऱ्यांदा येत होता. "साहेब, तुमच्यानंतर विचारायला आलेल्यांचे प्रोजेक्टर जुने होऊन बदलूनही झाले," तो खोकं उघडत म्हणाला.

नवऱ्याने टांगलेल्या पडद्यासमोर त्याने स्टँड मांडला, पण चित्र पुरं मोठं व्हायला तो मागे मागे न्यावा लागला आणि त्याचा एक पाय दाराबाहेर गेला. "दार उघडंच ठेवू, आत्ता नुसते रंग बघा," तो म्हणाला. मग खिडकीकडे बोट केलं. "ह्याचं काय? एवढ्या उजेडात काही कळायचं नाही."

खिडकीचे पडदे अजून शिवायचे होते. नवऱ्याने कापडाची घडी उचलली आणि इकडेतिकडे पाहिलं. "ताई, दोन मिनिटं धरता का? तुमचा हात स्थिर."

"धरते की."

ती स्टुलावर चढली आणि कापड दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून खिडकीला लावून धरलं. बासष्ट वर्षांची आहे ती. खोलीत अंधार झाला. दारातून जेवढा उजेड येत होता, तेवढ्यात तिची फक्त पाठ दिसत होती. "मी धरते," असं मी म्हणायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं. मोजायची सवय आहे.

पहिलं यंत्र चार मिनिटं चाललं. नवऱ्याने रात्रीचा समुद्र पाहिला, कोळशाची खाण पाहिली. मग दुसरं यंत्र. "तोच समुद्र लावा," तो म्हणाला. "काळा जोखायचा असेल तर चित्र तेच हवं."

नवव्या मिनिटाला पडद्यावर उजेडाची एक बारीक चीर उमटली आणि हलू लागली. ताईच्या हातातलं कापड एका बाजूने खाली येत होतं.

"ताई, डावीकडे जरा वर," नवरा मागे न बघता म्हणाला. "उजेड शिरतोय."

चीर गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली.

"दुसराच!" तो माझ्याकडे वळला. "काय काळा आहे बघ! झालं, हाच घ्यायचा. तू फक्त एकदा सांग, बसेल ना इथे?"

"नाही बसणार," मी म्हणाले. "एकशेवीस इंची पडद्याला यातला कुठलाच इथे बसत नाही. दोन वर्षांपूर्वीचा पहिलाही बसणार नव्हता. मला तेव्हापासून माहीत आहे."

दुकानातल्या माणसाने चष्मा डोळ्यांवर घेतला, दाराबाहेर गेलेला स्टँडचा पाय पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, मग माझे तीन हेलपाटे?"

"माहीत होतं?" नवरा म्हणाला. "आणि बोलली नाहीस? दोन वर्षं मी इथे वेड्यासारखा..."

"हात खाली घेऊ का?" ताईने विचारलं. ती अजून खिडकीकडेच तोंड करून होती.

"घे," मी म्हणाले.

कापड खाली आलं. पडद्यावरचा समुद्र एका क्षणात पुसला गेला. ताई स्टुलावरून उतरली आणि खांदा चोळत कापडाची घडी घालू लागली, कडेला कड जुळवून, जसं काही ते अजून शिवायचंच होतं.

"ठेव ते," मी तिला म्हणाले. "सोमवारी तू सही करायची नाहीस."

"आत्ता सुचलं तुला?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मी तिथे शब्द दिलाय. उगाच कोणाच्या डोळ्यांत खुपायला मला नाही यायचं."

"कसली सही? काय चाललंय?" नवरा म्हणाला. "मला कोणी सांगेल का?"

दुकानातला माणूस पाठ फिरवून वायर गुंडाळू लागला. मी त्याच्यासमोरच नवऱ्याशी बोलले. तो जायची वाट पाहिली असती, तर पुन्हा एखादा आकडा सापडला असता.

"एक तारखेपासून ताई या खोलीत राहणार आहे. मशीनसकट. तुला विचारत नाही, सांगतेय. आणि तुला चालणार नसेल, तर आम्ही दोघी दुसरीकडे खोली घेऊ."