चार इंची पाईप

बजरंग गवंडी गुडघाभर पाण्यात उतरला आणि वाकून कंपाउंडच्या भिंतीच्या बुडाशी हाताने काहीतरी चाचपू लागला. छन्नी, हातोडा, पहार, सगळं त्याने काठावरच ठेवलं होतं. जयमाला साडीचा काठ मुठीत धरून बाजूला उभी होती. भिंत तिची होती. परस छबूबाईंचं होतं. अकरा वर्षं शेजारी राहून ती या परसात आज पहिल्यांदा पाय ठेवत होती.

"बजरंग, अरे भोक पाडायचंय. मासे नाही धरायचे."

"थांबा की मॅडम," तो मान वर न करता म्हणाला. "हितंच कुटंतरी हाय."

"काय आहे?"

मागच्या दाराच्या उंबऱ्यावर छबूबाई पातेलं घेऊन बसल्या होत्या. घरात शिरलेलं पाणी त्या सकाळपासून पातेल्याने बाहेर टाकत होत्या आणि बाहेरचं पाणी तितक्याच इमानाने परत आत येत होतं. आता त्यांनी पातेलं मांडीवर पालथं घातलं होतं. बजरंगकडे त्या बघत होत्या, जयमालाकडे नाही.

चार दिवस पाऊस लागून राहिला होता. आज पहाटे तो थांबला आणि जयमाला टाकी बघायला म्हणून गच्चीवर गेली. तिथून छबूबाईंच्या घराची मागची भिंत समोरच दिसते. दगडमातीची, पांढऱ्या मातीने लिंपलेली. दर पावसाळ्यात त्या भिंतीवर ओलीची रेघ चढायची. पहिल्या वर्षी वीतभर, मग हातभर. जयमाला ती रेघ बघायची, वाळत घातलेले कपडे गोळा करायची आणि खाली यायची. आज मात्र रेघेचा प्रश्न राहिला नव्हता. भिंतीला पोट आलं होतं. सातव्या महिन्यातल्या बाईसारखी ती पुढे झुकली होती. जयमालाने गच्चीवरूनच बजरंगला फोन लावला.

हे पाणी पूर्वी तुंबत नसे. छबूबाईंच्या परसातून उतार धरून ते शेजारच्या मोकळ्या जागेत यायचं आणि तिथून ओढ्याला मिळायचं. मग ती मोकळी जागा जयमाला आणि भीमराजने घेतली. ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका, तो एसटीत कंडक्टर. तीन फूट मुरूम टाकून त्यांनी घर उंच बांधलं. गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली, मग जेवणं. छबूबाई आल्या, ब्लाउजपीस दिला, घर डोळे भरून पाहिलं आणि ताट समोर येताच म्हणाल्या, "आज उपास हाय मला."

जयमालाने कॅलेंडर पाहिलं. ना चतुर्थी, ना एकादशी. वार बुधवार. संध्याकाळी ती नव्या गच्चीवर उभी राहिली, तर खाली परसात छबूबाई भाकरी आणि पिठलं खात बसल्या होत्या.

तिने भीमराजला सांगितलं. तो म्हणाला, "असेल काहीतरी. सोड." त्याचं सगळ्याच बाबतीत असं होतं. धावत येणाऱ्या प्रवाशासाठी गाडी थांबवायची आणि उशीर झाला म्हणून डेपोत बोलणी खायची.

जयमालाने सोडलं नाही. महिन्याभरात कंपाउंडचं काम निघालं. पाया भरताना बजरंगने विचारलं होतं, "मॅडम, त्या कोपऱ्यात येक पाईप सोडतो. मावशीचं पानी जाईल."

"नको," ती म्हणाली होती. "आमचं जेवण त्यांना चालत नाही. मग त्यांच्या पाण्याला आमचं अंगण कसं चालतं?"

वाक्य चांगलं जमलं होतं. पुढे कितीतरी दिवस ती मनातल्या मनात ते पुन्हा म्हणून बघायची.

"घावलं," बजरंग म्हणाला.

त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले, पाय रोवले आणि हिसका दिला. हातात चिखलाने माखलेलं पाईपाचं टोपण आलं, पाठोपाठ गोणपाटाचा बोळा. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोपऱ्यातलं पाणी गोल फिरायला लागलं. कडुनिंबाची पानं, एक चप्पल, काड्यापेटी, सगळं हळूहळू त्या दिशेने निघालं. कंपाउंडच्या भिंतीतून घशात अडकल्यासारखा आवाज आला आणि पलीकडे, जयमालाच्या गेटासमोरच्या गटारीत, धो धो पाणी पडू लागलं.

जयमालाने साडीचा काठ सोडून दिला.

"हे कुणी बसवलं?"

"मीच की."

"मी नको म्हणाले होते."

"तुमी न्हाई म्हनल्या. कंडक्टर साहेब म्हनले, बसव." बजरंगने टोपण पाण्यात खळबळून धुतलं. "पाक तुमच्या फरशीच्या खालून नेलाय गटारीपस्तोर. तुमी शाळंत गेल्ता तवा. साहेब म्हनले, टोपन लाव न् गप ऱ्हा. बाईंचा राग उतरला का त्याच सांगतील, मग काढ."

"आणि तू गप राहिलास."

"आता काय सांगू मॅडम. मला वाटलं म्हैनाभराचा वायदा हाय." तो कानामागे खाजवत म्हणाला. "पुढं साहेबच गेले. मग तुमच्या दारात येऊन हे बोलायची छाती कुनाची?"

भीमराजला जाऊन चार वर्षं झाली होती. आधीच्या सात पावसाळ्यांत तो खिडकीशी उभा राहून चहा पीत म्हणायचा, "यंदा पाणी जास्तच आहे बघ." ती म्हणायची, "असू दे." तो बरं म्हणायचा. एवढंच. आता तिला त्या 'बरं'नंतरची शांतता आठवली. त्या वेळी ती कपबश्या विसळत असायची.

पाणी उतरू लागलं तशी छबूबाईंच्या भिंतीच्या पायथ्याची माती दिसायला लागली. ती पेजेसारखी झाली होती.

"मावशी," जयमाला उंबऱ्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं हे?"

छबूबाईंनी पातेल्याच्या बुडावरचा चिखल अंगठ्याने पुसला.

"व्हय. दावलं हुतं कंडक्टर सायबांनी. ह्या कोपऱ्यात हाय म्हनले."

"मग ओढायचं होतं ना! तुमच्याच बाजूला टोपण. मला कळलंही नसतं."

"पानी तुमच्या अंगनाखालून जायाचं. तुमी न्हाई म्हनल्या हुत्या."

"म्हणून घर भिजू द्यायचं?"

बजरंग उगीच पहार उचलून पुन्हा खाली ठेवू लागला.

"त्या दिशी उपास न्हवता मला," छबूबाई म्हणाल्या. "सासूचं भ्या हुतं म्हनलं तर भागंल. पर सासू गेली त्याच साली. तिच्या माघारी तरी मी कुटं आले?" मग पातेलं सरळ करत म्हणाल्या, "कोनत्या तोंडानं टोपन काढू, सांगा."

या वाक्याची जयमालाने अकरा वर्षं वाट पाहिली होती. त्यावर काय बोलायचं हेही ठरलेलं होतं. वर्गात उभं राहून बोलावं तसं, एकेक शब्द तोडून. आता त्यातला एकही आठवेना. छबूबाईंच्या पायाची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती.

"पाय वर घ्या, मावशी," ती म्हणाली. "किती वेळ पाण्यात ठेवणार?"

बजरंग भिंतीजवळ गेला. तळवा लावला, कान लावला, दोन पावलं मागे आला.

"लई प्यालीय. आता पावसाचं भ्या न्हाई, उनाचं हाय."

"उन्हाने तर वाळेल."

"तसंच वाटतं मॅडम. मातीची भिंत पान्यात हुबी ऱ्हाती न् उनात बसती. भाइरनं चटाचटा वाळती, आतून गाळ. सावकाश वाळली तर वाचंल."

मग सावकाश वाळवायचं ठरलं. जयमालाने गाडीवरची ताडपत्री काढून आणली. बजरंगने तीन वासे आणून टेकू दिले. छबूबाईंनी आतलं सामान पुढच्या खोलीत हलवलं. आत जाऊन हात लावावा असं जयमालाला वाटलं, पण या म्हणायचं छबूबाईंना सुचलं नाही आणि विचारायचं तिला. ती ताडपत्रीचं टोक धरून बाहेरच उभी राहिली.

दोन दिवस आभाळ राहिलं. शाळेत जाताना आणि आल्यावर ती भिंतीचं पोट बघायची. वाढलेलं नाही असं तिला वाटायचं. तिने मुलांना त्या आठवड्यात बाष्पीभवन शिकवलं, जे पुढच्या महिन्यात होतं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता आणि ऊन पडलं. स्वच्छ, चकचकीत ऊन, दसऱ्याला घरं धुवायला बायका ज्याची वाट बघतात तसलं. जयमाला सकाळपासून गच्चीवर. ताडपत्रीची एक बाजू वाऱ्याने सुटली तेव्हा तिने खाली हाक मारली, "मावशी, ती दोरी!" पण छबूबाई रेशन आणायला गेल्या होत्या. जयमाला चप्पल न घालता जिन्याकडे धावली. तीन पायऱ्या उतरली असेल, तेवढ्यात आवाज आला. मोठा नाही. धान्याचं पोतं खाली ठेवावं तसा.

ती परत वर गेली. भिंत बसली होती. धूळसुद्धा उडाली नव्हती, ओलीच होती सगळी. आणि भिंतीमागची खोली आता सरळ दिसत होती. फळीवर पालथी घातलेली ताटं. खुंटीला नऊवारी. कोपऱ्यात खिळ्याला अडकवलेली गाळणी. ज्या घरात आजवर कुणी बोलावलं नव्हतं, ते सगळं एका नजरेत पाहायला मिळालं. जयमालाने तोंड फिरवलं.

राधाकृष्ण, छबूबाईंचा मुलगा, दुसऱ्या दिवशी चाकणहून टेम्पो घेऊनच आला. तिथे तो कंपनीत होता. दुपारपर्यंत सामान भरून झालं. इतक्या वर्षांचं घर अर्ध्या टेम्पोत बसलं.

जयमाला गेटाशी आली. "भिंत परत बांधता येईल," ती म्हणाली. "विटा माझ्याकडे आहेत. बजरंग आठ दिवसांत उभी करतो म्हणाला."

"कशाला मॅडम?" राधाकृष्ण दोरखंड आवळत म्हणाला. "म्हातारीला एकटीला किती दिवस ठेवायचं? मी मागंच म्हनत हुतो, ती ऐकत न्हवती. शेजार सोडवंना म्हनायची. आता शेजारापायी काय पडक्या भिंती धरून बसायचं का?" तो हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "आन् एक बोलायचं हुतं. जागा काडायची हाय. पयलं तुमालाच इचारतो. लागून हाय, दुसऱ्याला कशाला द्यायची? खोलगट हाय म्हनून कुनी घेत न्हवतं, पर पान्याचा बंदोबस्त तर तुमीच केलाय आता. लई उपकार झाले."

जयमालाने छबूबाईंकडे पाहिलं. त्या ड्रायव्हरशेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. जयमालाच्या त्या 'नको'बद्दल त्यांनी मुलाला काही सांगितलेलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही.

"राध्या, दोरी बघ. हंडा पडंल," त्या म्हणाल्या. तो मागे गेल्यावर त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "मॅडम, त्या पाईपाच्या तोंडाशी लिंबाचा पाला अडकतो. बघत जावा. न्हाईतर पानी तुमच्या भिताडाला लागंल. परसाचं दार नुसतं लोटलंय, कडी न्हाई घातली."

"बघेन," जयमाला म्हणाली.

आणखी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. ते शोधेपर्यंत ड्रायव्हरने गाडी चालू केली होती.

त्या रात्री सर येऊन गेली. सकाळी शाळेत जाण्याआधी जयमाला केरसुणी घेऊन गल्लीतून वळसा घालून मागे गेली. दार लोटलेलंच होतं. तिने ते ढकलण्यासाठी हात पुढे केला आणि थांबली. कुणाच्या परसात असं शिरत नाहीत.

"मावशी, येऊ का?" ती म्हणाली.

कुणी आत असतं तर बाहेर यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ ती दारात उभी राहिली. मग आत गेली, खाली बसली आणि पाईपाच्या तोंडाशी चिकटलेला पाला बोटांनी काढू लागली.