मूर्ती उतरवली ती संध्याकाळ

मी एक डोली आहे. नवरीची नव्हे. सागाची एक रुंद फळी आणि तिच्याखाली दोन लांब दांडे, एवढंच माझं अंग. झरी जामणीकडच्या एका सुतारानं मला घडवलं, ते मरियामातेची मूर्ती खांद्यावर मिरवायला.

आमच्या गावात पंधरा-वीस कॅथलिक घरं आणि एक टिनाचं चॅपल. फादर महिन्यातून एकदा मिस्सेच्या उपासनेला यायचे. एरवी सगळं पास्कल मास्तर बघत. शाळेतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र सदरा, हातात जपमाळ. कोणाचा उपास मोडला, कोणी उशिरा गुडघे टेकले, हे ते नाव घेऊन सांगत. ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी चौघं मला उचलत आणि मास्तर पुढं चालत.

सगळ्यांत मागं रुपीबाई असे. दिवसभर कापूस वेचून ती तशीच यायची, मातीच्या पायांनी. तिला 'नमो मारिया'ची प्रार्थना धड पाठ नव्हती.

"रुपी, तू मनातच म्हण," मास्तरांनी तिला बजावलं होतं. "तुझं ऐकून बाकीचे चुकतात."

तेव्हापासून ती नुसते ओठ हलवी.

दोन हजार सतरा साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणाऱ्याच्या थेट तोंडावर औषध उडायचं. मारेगावकडून, केळापूरकडून रोज कोणी ना कोणी दवाखान्यात गेल्याचं ऐकू यायचं.

त्या संध्याकाळी आम्ही शेतांमधल्या पांदणीच्या वाटेनं चाललो होतो. जपमाळेची पाच दशकं, एकेकात दहा 'नमो मारिया'; त्यातलं तिसरं संपत आलं होतं. एवढ्यात बाजूच्या वावरातून, ते वावर कसणाऱ्या शंकरसिंगची बायको धावत आली.

"फवारता फवारता पडला वो! तोंडातून फेस येऊन राह्यला. कोनी तरी चाला!"

मास्तरांनी हात वर केला. "माळ मधात सोडता येत नाही. दोन दशकं राह्यली. पुरी करू, मंग जाऊ."

कोणी हललं नाही. रुपीबाईही नाही. मास्तरांनी चौथं दशक सुरू केलं. त्यांचा आवाज जराही कापला नाही. एकामागून एक दहा वेळा 'नमो मारिया' झाली आणि ती बाई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत उभी होती.

मग रुपीबाई पुढं आली. कमरेचं कापूस वेचायच्या ओटीचं फडकं सोडून तिनं वावराच्या धुऱ्यावर, बांधावर अंथरलं आणि माझ्यावरची मूर्ती उचलून त्यावर ठेवली.

"काय करून राह्यली तू? मायले मातीत ठेवतं?"

"थे थांबन, मास्तर. त्याले नाही थांबता येत."

चौघांतले दोघं मागं सरले. त्यांच्या जागी रुपीबाई आणि शंकरसिंगची बायको दांड्यांना लागल्या.

माझ्यावर पहिल्यांदाच माणूस आला. मूर्ती हलकी होती. हा जड होता, ओलाचिंब, आणि अंगाला औषधाचा उग्र वास. तो माझ्यावरच ओकला. डांबरी रस्त्यापर्यंत सगळा चिखल.

"मले काही दिसत नाही," तो म्हणाला. "कोन हाय?"

"आमीच हावो, भाऊ," रुपीबाई म्हणाली.

रस्त्यावर जीप मिळाली. पण तिसऱ्या दिवशी शंकरसिंग गेला.

त्या सकाळी रुपीबाईनं मला बोरिंगवर राखेनं घासलं. जवळ कोणी नव्हतं. "मीबी उभी राह्यली," ती म्हणाली. "दहा खेपा ओठ हालवत उभी राह्यली." घासलेल्या जागी ती पुन्हा पुन्हा घासत होती.

रविवारी फादर आले. डोली बाटली, मूर्ती मातीत ठेवली, असं मास्तरांनी सांगितलं.

फादरांनी विचारलं, "त्या माणसाच्या घरी कोण जाऊन आलं?"

"तो आपल्यातला नव्हता, फादर."

फादरांनी मिस्सेचं सामान पेटीत भरलं. मग त्यांची निघायची वेळ झाली.

मास्तरांनी नवी स्टीलची डोली आणवली. मी चॅपलच्या मागं, पावसात. एका दांड्याला वाळवी लागली आहे. ऑक्टोबर आला की जपाचा आवाज येतो, पूर्वीपेक्षा मोठा. त्यात रुपीबाई नसते. त्या वेळी ती शंकरसिंगच्या वावरात त्याच्या बायकोसोबत कापूस वेचत असते.

माझं एवढंच मागणं आहे. वावरातून पुन्हा कोणी हाक मारली, तर मला ओढून काढा. मूर्ती बसवण्याजोगी मी आता राहिले नाही, पण एका माणसाचा भार अजून पेलीन.