पान उलटताना

मावशींना राग आला की त्या आधी चष्मा पुसतात. त्या दिवशी त्यांनी तो तीनदा पुसला, आणि काचेवर डाग म्हणाल तर एकही नव्हता.

समोर व्यवस्थापक बसला होता. अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या त्या ग्रंथालयात तो आठ महिन्यांपूर्वी आला होता आणि मावशी बावीस वर्षांपूर्वी. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या आणि इथे आल्या, त्या इथल्याच होऊन गेल्या. आठवड्यातून तीन सकाळी त्या बंद खोलीत माइकसमोर बसून वाचायच्या. पुस्तक चांगलं असो की रटाळ, जीव ओतून. रटाळ असलं तर जरा जास्तच, कारण ऐकणाऱ्याला नुसती नजर फिरवून चार पानं गाळायची सोय नसते.

"मावशी, वाचन तुमचं झकासच," तो म्हणाला, "फक्त ती गुणगुण तेवढी..."

गुणगुणीची गोष्ट अशी. कॅसेटच्या काळात एका ऐकणाऱ्याने कळवलं होतं की पान उलटताना सगळं एकदम गप्प होतं, टेप अडकली की काय कळत नाही, जीव टांगणीला लागतो. तेव्हापासून पान उलटताना मावशी चार सुरांची एक ओळ गुणगुणत. कुठल्या गाण्यातली नव्हे, त्यांच्याच डोक्यातली. ऐकणाऱ्यांच्या ती इतकी अंगवळणी पडली की "काल बारा गुणगुणी ऐकल्या आणि झोपलो," असा हिशेब ते एकमेकांना सांगू लागले.

"नवा प्रोग्राम शब्द ठेवतो आणि बाकीचं कचरा समजून काढून टाकतो," व्यवस्थापक म्हणाला. "गुणगुण गेल्या महिन्यापासून निघतेच आहे. आणि खरं सांगू का, एक तारखेपासून वाचायचं कामही कॉम्प्युटरच्या आवाजाकडे देतोय. खोकला नाही, सुट्टी नाही."

"आणि ऐकणाऱ्यांना विचारलंत?"

"निरोप ठेवायला फोन नंबर आहे ना. तोवर एकाचीही तक्रार आली तर तुमची खुर्ची तुमची. माझा शब्द."

यंत्राशी मावशींचं वैर नव्हतं. मोबाइलवर अक्षरं मोठी करून त्या वर्तमानपत्र वाचत, भाजी चिरताना गाणी लावत, ताल चुकला की गाणाऱ्याला दोन शब्द सुनावतही. घरी जाऊन त्यांनी सुनेला आपलं नवं रेकॉर्डिंग फोनवर लावायला सांगितलं.

"आई, काय स्वच्छ आलाय आवाज!" सून म्हणाली.

"स्वच्छ? अगं, मी श्वासही घेत नाहीये यात. मेलेय मी."

सून हसली, मग सासूचा चेहरा पाहून तिने रेकॉर्डिंग थांबवलं. "मग जाऊन भांडा ना त्याच्याशी."

"भांडून काय उपयोग? तो ऐकतो कुठे?"

असं म्हणाल्या आणि मावशी तिथेच थबकल्या. खरंच की, तो ऐकतो कुठे? पूर्वी प्रत्येक पुस्तक कुणीतरी बसून तपासत असे. आता तेही प्रोग्रामच करत होता. आणि प्रोग्राम काय ठेवतो? शब्द. मग घे बाबा शब्द, हवे तेवढे घे.

बुधवारी त्या खोलीत गेल्या. पहिलं प्रकरण संपलं, तशा पुस्तक वाचावं तितक्याच शांत आवाजात म्हणाल्या, "इथे मी गुणगुणत असे. ते पुसून टाकलंय. आठवत असेल तर तुम्ही गुणगुणा, आणि हवं असेल तर फोनवर गुणगुणूनच कळवा." चौदा प्रकरणं होती. चौदाही वेळा त्यांनी हेच सांगितलं. प्रोग्रामने सगळे शब्द सुस्पष्ट असल्याचं प्रमाणपत्र दिलं आणि पुस्तक लोकांच्या घरी पोचलं.

मग मात्र त्यांना धास्ती वाटू लागली. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण रोज दारातून आत शिरताना त्या व्यवस्थापकाचा चेहरा निरखत, आणि चेहरा कोराच्या कोरा असे. बावीस वर्षं आपण भिंतीशी बोलत होतो की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं. त्या सकाळी वाचनात त्यांचं लक्ष लागलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी व्यवस्थापकाने त्यांना बोलावलं. हातात छापील यादी होती.

"वाईट वाटून घेऊ नका, मावशी. तक्रार एकही नाही."

"फोनच आले नाहीत?"

"आले की! एरवी पाच-सहा येतात, या वेळी एकशे त्रेसष्ट. पण सगळे रिकामे. प्रोग्राम निरोप लिहून काढतो ना, हे बघा. निरोप रिकामा, सात सेकंद. निरोप रिकामा, नऊ सेकंद. लाइनमध्ये बिघाड दिसतोय. दुरुस्तीवाल्याला कळवलंय मी."

मावशींनी चष्म्याला हात लावला नाही. उभं आयुष्य त्यांचं एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेलं होतं. नऊ सेकंद फोन धरून काहीच न बोलणारी एकशे त्रेसष्ट माणसं त्यांनी तरी पाहिली नव्हती.

"लाव," त्या म्हणाल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्या त्याला अरे-तुरे करत होत्या.

त्याने पहिला निरोप लावला. एका म्हाताऱ्याचा चिरका घसा, आणि चार सूर. दुसरी बाई, सूर साफ चुकलेला, पण ओळ तीच. तिसरा घाईत आणि रागात. चौथ्याने गुणगुणून झाल्यावर टेबलावर दोनदा हात आपटला. व्यवस्थापक एकामागून एक बटण दाबत गेला. अकराव्याला त्याचा हात थांबला. कान लाल झाले होते.

"पण... यात शब्दच नाहीत," तो पुटपुटला.

"नाहीतच. म्हणून कानाने ऐकायचं असतं." मावशी उठल्या. "एकशे बावन्न राहिलेत. सगळे ऐक. आणि तुझा तो प्रोग्राम बंद कर, मी वाचायला बसतेय."

त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं, नवं पुस्तक उघडलं आणि लाल दिवा लागल्यावर वाचायला सुरुवात केली. पहिलं पान संपलं तेव्हा त्यांनी ती चार सुरांची ओळ चांगली मोठ्याने, पूर्ण गळ्याने गायली, आणि मग पान उलटलं.