बिननंबरची ट्रॉली

मित्रांनो, ट्रॅक्टर गावात आला की सगळे त्याच्याकडे बघतात. त्याच्या पाठीमागे खडखडत येणाऱ्या माझ्याकडे कोण बघतो? मी एक जुनी ट्रॉली आहे. आंधळगावच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. पत्रे ठोकले, जोड भरले, निळा रंग फासला आणि भैय्यालाल मला घरी घेऊन आले. त्यांच्या बायकोने, शकुनबाईंनी, माझ्या मागच्या फळीवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं. जिथे नंबराची पाटी हवी होती, नेमकं तिथेच!

ट्रॅक्टरला नंबर होता, मला नव्हता. कोणी विचारलंच तर भैय्यालाल हसून म्हणत, "बैलाच्या कानाले बिल्ला रायते, खासराले कोनी लावते का?" खासर म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. ऐकणारेही माना डोलवत. पण मी खासर नव्हते ना! कायद्याने माझी नोंदणी वेगळी व्हायला हवी होती. मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं.

वर्षं मजेत गेली. शेणखत, धानाचे भारे, घराच्या विटा, सगळं मी वाहिलं. पोळ्याला बैलांसोबत मलाही ओवाळत.

मग त्यांच्या एकुलत्या लेकीचं, रिताचं, लग्न दिघोरीला ठरलं. शकुनबाईंनी एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, फक्त चिन्नोर लावला. मोठा वासाचा तांदूळ तो! लेकीच्या अक्षता आणि पंगतीचा भात आपल्याच बांधीतला हवा, एवढीच त्या माउलीची हौस. निंदण त्यांनी एकटीने केलं.

ते धान भरून आम्ही राइस मिलकडे निघालो आणि वाटेत तपासणी लागली. हवालदार माझ्या मागे आले. स्वस्तिक दिसलं, नंबर काही दिसेना. नोंदणी नसलेलं वाहन रस्त्यावर आणलं की हजारांत दंड होतो, पुन्हा सापडलं तर दंड वाढतो आणि कैदही होऊ शकते, असं त्यांनी समजावलं. कागद होईपर्यंत मला ठाण्याच्या आवारात राहायचं होतं. "धान उतरवून न्या, आभाळ भरून आलं हाये," असंही ते म्हणाले. भला माणूस!

पण भैय्यालालांचा ताठा आडवा आला. धान उतरवणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. ओळखीने सांजेपर्यंत सोडवतो म्हणत ते भंडाऱ्याला आरटीओच्या कचेरीत गेले. ओळख कामी आली नाही. मला बनवणाऱ्याकडे ट्रॉली बनवायच्या सरकारी मंजुरीचा कागदच नव्हता, मग नोंद चटकन कशी व्हावी? तहान लागल्यावर विहीर खणायला निघाले होते बिचारे. तेवढ्यात अवकाळी पाऊस आला, तो थांबता थांबेना. ताडपत्री फाटकी होती. माझ्या पोटात पाणी साचत गेलं.

खेटे घालण्यात आठवडा गेला. मग शकुनबाई रिताला घेऊन आल्या आणि त्यांनी ताडपत्री उचलली. धान गरम झालं होतं, आंबूस वास येत होता, वर हिरवे कोंब फुटले होते. त्यांनी एक मूठ उचलली.

"पाय वं रिता, तुया लग्नाचा भात. पऱ्हे होऊन गेले."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. रिताने आईच्या मुठीतले कोंब हळूच काढून घेतले. भैय्यालाल दूर उभे होते, जवळ यायची त्यांची हिंमत झाली नाही. मला रडू येत होतं मित्रांनो, पण लोखंडाला रडता कुठे येतं!

पुढे दंड भरला, कागद झाले, पाटी लागली. वरातीमागून घोडं! लग्नात अक्षता आणि भात दुकानच्या तांदळाचे होते. पाहुणे पोटभर जेवले, भैय्यालाल मात्र पंगतीला बसलेच नाहीत. लेक निघून गेल्यावर ते माझ्याजवळ आले. दुपट्ट्याने नवी पाटी पुसत म्हणाले, "तुले पहिलेच नंबर घेतला असता त..."

तुमच्या दारात माझ्यासारखी बिननंबरची कोणी उभी असेल, तर आजच बाबांना सांगा. रागावले तरी सांगा. दंड एकदा भरला की संपतो. आमच्या घरी मात्र यंदाही कोणी चिन्नोराचा विषय काढला, तर शकुनबाई माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "आता कोनासाठी लावू?"