जमनाआजींची रेघ

मी फ्रीजवरची वही बोलतेय. सरावलीतल्या दोन खोल्यांच्या घरात माझा मुक्काम. स्वभावाने मी जरा घाबरट. मला दोन्ही टोकांनी वापरतात म्हटल्यावर दुसरं काय होणार!

दिपेशने मला बोईसरच्या दुकानातून आणलं ते त्याच्या आईसाठी. जमनाआजींना मधुमेह, त्यात पक्षाघात झालेला. पुढच्या पानांवर रोजची साखर लिहायची आणि इन्सुलिन दिलं की खूण करायची. दिपेश कारखान्यात ऑपरेटर. त्याचा नियम एकच, वहीत नोंद नाही म्हणजे काम झालं नाही.

मागच्या बाजूने मात्र मी त्याच्या बायकोची, उन्नतीची. भात शिजेपर्यंत ती चार ओळी लिहायची, लेक स्वरा आंघोळीहून येईपर्यंत दोन. एका दिवाळी अंकाला कथा द्यायची होती, वाळत घातलेले बोंबील राखणाऱ्या म्हातारीची. त्यातलं निम्मं जमनाआजींनीच तुटक तुटक सांगितलेलं. या दोन बाजू मधे कुठे धडकतील, याचीच मला बाई धाकधूक.

त्या सकाळी उन्नतीने आजींना इन्सुलिनची सुई दिली, खूण करायला मला उचललं आणि मागच्या बाजूने उघडलं. किती दिवस अडलेलं वाक्य नेमकं तेव्हाच सुचलं होतं. ते लिहून होतंय तोच खाली शाळेच्या रिक्षाचा हॉर्न वाजला. स्वराचं दप्तर उचलून ती पळाली. खूण राहिली ती राहिलीच.

दिपेश रात्रपाळी करून आला. त्याने मला उघडलं, खूण दिसली नाही. आजी पेंगत होत्या. त्याने सुई भरली. अरे, दिलीय रे! पण मी ओरडणार कशाने? पानं फडफडवली, तर त्याने पंखा कमी केला, सुई दिली आणि आत जाऊन झोपला.

उन्नती भाजी घेऊन परतली तेव्हा आजी घामाने भिजून थरथरत होत्या. साखरेचं पाणी पाजलं, रिक्षा बोलावली, दवाखाना गाठला. तीन दिवस माझ्या जिवाला नुसता घोर. दिपेशने उन्नतीला बोल लावला नाही. तो स्वतःलाच दोष देत होता.

आजी घरी आल्या. उन्नतीने माझी मागची पानं मुठीत धरली.

"माझ्या हौसेपायी तुमचा जीव जात होता, आई," ती म्हणाली आणि फाडू लागली. माझी शिवण उसवायला लागली.

आजींनी चालता हात माझ्यावर ठेवला. "सुई दिली की रेघ मी मारीन. तू लिव. ती म्हातारी अजून उन्हात उभी हाय. तिला घरी आण."

जन्मात पेन न धरलेला तो हात आता रोज सकाळी माझ्यावर एक वाकडी रेघ ओढतो. ती पडेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो. पलीकडे म्हातारी टोपली घेऊन घराच्या वाटेला लागलीय.

मधे सहाच कोरी पानं उरलीत. ती सगळी उन्नतीला घेऊ दे. दिपेश, तेवढी नवी वही आण रे. मी संपले तर संपले, पण आजींच्या उद्याच्या रेघेला जागा हवी.